त्रिकोणाला विचारायचे दोन प्रश्न

ठाण्यात जुन्या इमारतीतल्या घराची लादी बदलायला काढली की चांगला मिस्त्री पहिल्याच दिवशी एक काम करतो. खोलीच्या कोपऱ्यापासून एका भिंतीलगत तीन फुटांवर पेन्सिलीने खूण करतो, दुसऱ्या भिंतीलगत चार फुटांवर, आणि मग त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर टेपने मोजतो. बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. जास्त भरलं तर कोपरा फाकलेला, कमी भरलं तर आवळलेला. हातात कोनमापक नाही. फक्त तीन लांब्या मोजल्या आणि कोन कसा आहे ते कळलं.

शाळेत मात्र त्रिकोणाचे प्रकार आपण दोन वेगळ्या याद्या म्हणून शिकतो. बाजूंवरून तीन, कोनांवरून तीन. सहा नावं लिहिली की गुण मिळतात आणि विषय मिटतो. मी कळव्यात गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सहाही नावं तोंडपाठ असतात, पण ‘समद्विभुज त्रिकोण काटकोन असू शकतो का?’ एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. बाजू ठरल्या की कोन ठरतात, म्हणजे या दोन याद्या मुळात एकाच वस्तूबद्दल आहेत, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मिस्त्री मात्र त्यावरच आपलं काम करतो.

पहिला प्रश्न बाजूंचा आणि तो सोपा आहे: किती बाजू सारख्या? तिन्ही सारख्या असतील तर समभुज, दोन सारख्या असतील तर समद्विभुज, एकही जोडी जमत नसेल तर विषमभुज. घोडबंदर रोडवर किंवा पाम बीच रोडवर लाल काठाच्या धोक्याच्या पाट्या दिसतात, त्या समभुज त्रिकोणाच्या असतात. दिवाळीत चौकोनी चौकटी जोडून जो पारंपरिक आकाशकंदील करतात, त्याच्या पूर्ण आकारात १८ चौरस आणि ८ त्रिकोण येतात. तो प्रत्येक त्रिकोण तीन चौरसांच्या मध्ये अडकलेला असतो. चौरसांच्या सगळ्या बाजू सारख्या कापलेल्या, म्हणून त्रिकोणाच्याही तिन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. मुद्दाम मोजून समभुज करावा लागत नाही.

इथे एक वाद नेहमी निघतो. समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणायचं का? युक्लिडने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या पहिल्याच भागात त्रिकोणांची वर्गवारी दिली आहे, विसाव्या व्याख्येत बाजूंवरून आणि एकविसाव्या व्याख्येत कोनांवरून. त्याची समद्विभुजाची व्याख्या ‘फक्त दोनच बाजू सारख्या’ अशी आहे, म्हणजे समभुज त्यातून वगळलेला. आज गणितात ‘निदान दोन बाजू सारख्या’ असं धरायची पद्धत आहे, आणि मला हीच पद्धत पटते. कारण व्यावहारिक आहे. समद्विभुज त्रिकोणात सारख्या बाजूंसमोरचे कोन सारखे असतात, हे एकदा सिद्ध केलं की समभुज त्रिकोणासाठी वेगळी मेहनत लागत नाही. तोच नियम दोन वेगवेगळ्या जोड्यांना लावा, तिन्ही कोन सारखे निघतात, म्हणून प्रत्येकी ६० अंश. समभुजाला वेगळं काढलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागेल.

दुसरा प्रश्न कोनांचा. तो दिसायला पहिल्यासारखाच आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. इथे तिन्ही कोनांकडे सारखं बघायचं नसतं, फक्त सगळ्यात मोठ्या कोनाकडे बघायचं असतं. तो ९० अंशांपेक्षा लहान असेल तर त्रिकोण लघुकोन, बरोबर ९० असेल तर काटकोन, ९० पेक्षा मोठा असेल तर विशालकोन. मुलं इथे अडखळतात, कारण नावं फसवी आहेत. एक काटकोन सापडला की त्रिकोण काटकोन ठरतो. एक लघुकोन सापडला म्हणून मात्र त्रिकोण लघुकोन ठरत नाही, त्यासाठी तिन्ही कोन लघु असावे लागतात. प्रत्येक त्रिकोणात निदान दोन लघुकोन असतातच, विशालकोन त्रिकोणातसुद्धा. त्यामुळे एक कोपरा टोकदार दिसला यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हे असं का, तर तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते म्हणून. कागदाचा कुठलाही वेडावाकडा त्रिकोण कापा, त्याचे तीन कोपरे फाडा आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. सरळ रेषा तयार होते. हे बघून खात्री पटते, पण ती सिद्धता नव्हे. सिद्धता अशी: त्रिकोणाच्या वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचा डावा कोन आणि या रेषेने डाव्या बाजूशी केलेला कोन हे व्युत्क्रम कोन आहेत, म्हणून सारखे. उजवीकडेही तसंच. म्हणजे त्या शिरोबिंदूपाशी एका सरळ रेषेवर तिन्ही कोन शेजारी शेजारी येऊन बसले, बेरीज १८०. आता दोन कोन ९० किंवा त्याहून मोठे घेऊन पाहा. त्यांनीच १८० भरून टाकले, तिसऱ्याला काही उरलं नाही. म्हणून मोठा कोन फार तर एकच.

आता मिस्त्रीच्या टेपकडे. बाजूंवरून कोन कसा कळतो?

खराट्याच्या दोन काड्या घ्या, एक ३ इंच, एक ४ इंच. त्यांची एकेक टोकं दोऱ्याने सैल बांधा, म्हणजे बिजागरीसारखी उघडझाप करता येईल. मोकळ्या टोकांमधलं अंतर ही तिसरी बाजू. काड्या मिटल्या तर ते अंतर १ इंच होतं, पूर्ण सरळ केल्या तर ७ इंच. या दोन्ही टोकांना त्रिकोण उरत नाही, नुसती रेषा उरते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हेच सांगितलं आहे: ज्या आकृतीची एक बाजू बाकीच्या बाजूंच्या बेरजेएवढी किंवा तिच्याहून मोठी, ती आकृती नव्हेच, ते ‘अक्षेत्र’. त्यांनी त्रिकोणाचं उदाहरण दिलंय ३, ६ आणि ९ बाजूंचं, आणि पटत नसेल तर त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा असंही म्हटलंय. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही वर्गात तितकाच चालतो, याचा मला फार आनंद होतो.

आपल्या काड्या हळूहळू उघडत न्या आणि प्रत्येक पायरीवर त्रिकोण कुठला झाला ते बघा. तिसरी बाजू २ इंच असताना बिजागरीपाशी कोन अगदी लहान आहे, म्हणून मुलं चटकन म्हणतात ‘लघुकोन’. पण थांबा, सगळ्यात मोठी बाजू कुठली आहे? ४ इंचांची. सगळ्यात मोठा कोन तिच्यासमोर आहे, बिजागरीपाशी नाहीच. आणि तो ९० च्या पुढे गेलेला आहे. हा विषमभुज विशालकोन त्रिकोण. उघडा आणखी, तिसरी बाजू ३ झाली: ३, ३, ४. समद्विभुज, आणि आता सगळे कोन लघु. ४ केली तर ३, ४, ४, हाही समद्विभुज लघुकोन. ५ केली की मिस्त्रीचा त्रिकोण, विषमभुज काटकोन. ६ केली की पुन्हा विशालकोन, पण या वेळी मोठा कोन बिजागरीपाशी आला. दोनच काड्या, एकच हालचाल, आणि त्रिकोणाने आपला प्रकार कितीदा बदलला! सहा व्याख्या फळ्यावर उतरवून घेण्याआधी हा प्रयोग करून घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो, म्हणून कोन तपासायचा तर सगळ्यात मोठ्या बाजूसमोरचा. दोन, तीन बाजू पक्क्या केल्या की त्रिकोण हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बांधून बघा, बाजू त्याच राहतात आणि तो तिरपा होतो. त्रिकोण तसा होत नाही. लोखंडी पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांनी भरलेल्या असतात त्या यामुळेच. बाजूंनी कोन आधीच ठरवून टाकलेले असतात, म्हणूनच फक्त टेप घेऊन कोन ओळखता येतो.

ओळखायची रीत अशी. सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग करा. बाकीच्या दोन बाजूंचे वर्ग करून मिळवा. दोन्ही सारखे आले तर काटकोन. मोठ्या बाजूचा वर्ग कमी भरला तर लघुकोन, जास्त भरला तर विशालकोन. ३, ४, ५ मध्ये ९ आणि १६ मिळून २५, आणि ५ चा वर्गही २५. ३, ४, ६ मध्ये २५ विरुद्ध ३६, विशालकोन. ५, ६, ७ मध्ये २५ आणि ३६ मिळून ६१, समोर ४९, लघुकोन.

पायथागोरसचा सिद्धांत सगळ्यांना आठवतो, पण तो सांगतो ते उलट दिशेने: त्रिकोण काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळते. मिस्त्री वापरतो तो त्याचा व्यत्यास, बेरीज जुळली तर कोन काटकोन. युक्लिडने या दोन्ही गोष्टी पहिल्या भागाच्या शेवटी लागोपाठ, ४७ आणि ४८ क्रमांकाच्या प्रमेयांत सिद्ध केल्या आहेत. आपल्याकडे बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी आयताच्या कर्णाचा हाच नियम दिलाय, आणि ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५ अशा आयताच्या बाजूंच्या जोड्याही दिल्यात. कर्ण अनुक्रमे ५, १३, १७, २५, ३७ येतात. दोरीने काटकोन आखणाऱ्या माणसाला पूर्णांकात जमणारे आकडेच हवे असतात.

पण काटकोन समद्विभुज त्रिकोण पूर्णांकात कधीच जमत नाही. दोन्ही बाजू १ घेतल्या तर कर्ण २ चं वर्गमूळ, आणि ती संख्या अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात न मांडता येणारी. जवळ मात्र हवं तेवढं जाता येतं. ५, ५, ७ घ्या: वर्गांची बेरीज ५०, समोर ४९. काढून बघितला तर डोळ्याला चक्क काटकोन दिसतो, पण मोठा कोन साधारण ८८.९ अंशांचा, म्हणजे लघुकोन त्रिकोण. १२, १२, १७ घ्या: २८८ विरुद्ध २८९, हा विशालकोन, ९० च्या जेमतेम पुढे. वहीवर दोघं जुळे भाऊ वाटतील. म्हणून मी मुलांना ‘दिसतोय काटकोन’ हे उत्तर देऊच देत नाही. आकृतीत कोपऱ्यापाशी छोटा चौकोन काढलेला असेल, माप लिहिलेलं असेल किंवा वर्ग जुळत असतील, तरच काटकोन म्हणायचं. आणखी एक सवय लावते: त्रिकोण फिरवून, उलटा करून बघायचा. पुस्तकात पाया नेहमी आडवा असतो, म्हणून तिरका ठेवलेला काटकोन त्रिकोण पुष्कळांना ओळखूच येत नाही.

प्रत्यक्ष मोजमापात याच कारणाने काटकोन आणि समभुज हे दोन प्रकार नाजूक आहेत. लघुकोन आणि विशालकोन यांना भरपूर जागा आहे, काटकोनाला एकच बिंदू. कोपऱ्यातलं तिरकं अंतर पाच फुटांऐवजी पाच फूट एक इंच भरलं तर कोन सुमारे ९२ अंश होतो. दोन अंश ऐकायला काहीच नाही, पण दहा फुटांच्या भिंतीलगत गेलं की लादीची ओळ सुमारे चार इंच सरकलेली असते, आणि कडेला पाचरीसारखा तुकडा कापून बसवावा लागतो. जाणता मिस्त्री मोठ्या खोलीत ३-४-५ ऐवजी ६-८-१० फूट धरतो ते यासाठीच. तिथे मोजण्यात तेवढीच एक इंचाची चूक झाली तरी कोन अंशभरच हलतो. त्रिकोण दुप्पट केला तरी प्रकार तोच राहतो. फूट असो, सेंटिमीटर असो की किलोमीटर, प्रमाण सारखं असेल तर कोन सारखेच.

आता दोन्ही प्रश्न एकदम विचारू. बाजूंचे तीन प्रकार आणि कोनांचे तीन, म्हणजे नऊ जोड्या व्हायला हव्यात. पण समभुज त्रिकोणाचे सगळे कोन ६०, त्यामुळे समभुज काटकोन आणि समभुज विशालकोन या दोन जागा रिकाम्या राहतात. उरलेल्या सातही जागा भरतात. वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर तर कंपासपेटीतच असतं. दोन गुण्यांपैकी एक ४५-४५-९० अंशांचा, म्हणजे समद्विभुज काटकोन. दुसरा ३०-६०-९० चा, म्हणजे विषमभुज काटकोन. हा दुसरा गुण्या आणि शेजारच्या मुलाचा तेवढाच गुण्या लांब काटकोनी बाजूला जोडून ठेवा, समभुज त्रिकोण तयार होतो. त्या गुण्याची सगळ्यात लहान बाजू कर्णाच्या बरोबर निम्मी का असते, तेही यातून दिसतं.

समद्विभुज विशालकोन बघायचा तर नवी मुंबईच्या गावठाणांत अजून उरलेल्या कौलारू घरांच्या त्रिकोणी भिंतींकडे बघा. दोन्हीकडचा उतार ३० अंशांचा असेल तर शिखरापाशी १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश. मोठा कोन शिखरापाशीच असणार, पायापाशी नाही, कारण पायाचे दोन कोन सारखे आहेत आणि दोन विशालकोन मावत नाहीत. उतार ४५ अंशांच्या आत असेल तोवर शिखर विशालकोनातच राहतं.

स्वतः करून बघायला ठाणे आणि नवी मुंबईच्या लोकांना रेल्वेने एक छान त्रिकोण दिला आहे. ठाण्याहून सुटणारी ट्रान्स-हार्बर लोकल तुर्भ्यानंतर दोन वाटांनी जाते, एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगरवरून नेरूळ आणि पनवेलकडे. सानपाडा आणि जुईनगर हार्बर मार्गाने एकमेकांना जोडलेली. नकाशावर तुर्भे, सानपाडा आणि जुईनगर या तीन स्थानकांचे ठिपके सरळ रेषांनी जोडा, रूळ वळतात तिकडे लक्ष देऊ नका. पट्टीने तिन्ही अंतरं मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा आणि दोन्ही नावं लिहा. नकाशा कुठल्या प्रमाणाचा आहे याने फरक पडत नाही.

मिस्त्री बाजूंवरून कोन काढतो. देशाचा नकाशा बनवणाऱ्यांनी उलटं केलं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी एक आधाररेषा अतिशय काळजीपूर्वक मोजली आणि तिथून पुढे मुख्यतः कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत नेले. एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. नुसत्या कोनांवरून आकार कळतो, लांबी नाही, म्हणून निदान एक बाजू जमिनीवर मोजावीच लागते. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्ब्टन आपल्या हिंगणघाटला वारले.

या कामात त्रिकोणाचा प्रकार फार महत्त्वाचा होता. सर्वेक्षक शक्यतो समभुजाच्या जवळपासचे त्रिकोण निवडतात आणि निमुळते टाळतात. मोजलेल्या बाजूसमोरचा कोन ६० अंशांचा असेल आणि तो मोजताना एका अंशाची चूक झाली, तर काढलेल्या बाजूत साधारण एक टक्का फरक पडतो. तोच कोन ५ अंशांचा असेल तर तेवढ्याच चुकीने बाजू सुमारे पाचव्या हिश्शाने बिघडते. सर्वेक्षकांच्या चुका अंशाच्या फार लहान भागाएवढ्या असत, पण प्रमाण हेच. त्रिकोण साखळीने जोडलेले असल्यामुळे एकातली चूक पुढच्या सगळ्यांत जाते.

अशा मोठ्या त्रिकोणांत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते: पृथ्वी सपाट नाही. गोलावर कोनांची बेरीज १८० पेक्षा जास्त येते. ठाणे-नवी मुंबईएवढ्या अंतरात, समजा १०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात, ही वाढ अंशाच्या सुमारे सात हजाराव्या भागाएवढीच असते. पण पृथ्वीगोल हातात घ्या. उत्तर ध्रुवापासून शून्य रेखांशावरून विषुववृत्तापर्यंत या, विषुववृत्तावरून ९० अंश पूर्वेला जा, आणि तिथून सरळ ध्रुवावर परता. तिन्ही बाजू साधारण दहा-दहा हजार किलोमीटरच्या आणि तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. कागदावरच्या तक्त्यात जी समभुज काटकोनाची जागा रिकामी राहिली, ती गोलावर भरते. समांतर रेषेची जी सिद्धता वर दिली ती इथे चालत नाही, कारण गोलावर ध्रुवातून जाणारी कुठलीही ‘सरळ’ रेषा विषुववृत्ताला कुठेतरी छेदतेच.